आधी तिची वाटी

मैत्रिणींनो, आज एक साधाच प्रश्न विचारते. वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घरातली बाई दवाखान्यातून परत आली. डॉक्टरांनी तिला दोन आठवडे फक्त पातळ घ्यायला सांगितलंय. मग या दोन आठवड्यांत घरातल्या बाकीच्या माणसांच्या भाकरी कोण थापतं?

बचत गटाच्या कामामुळे नांदेडात आणि नात्यागोत्यामुळे लातुरात माझं बऱ्याच घरांत जाणं-येणं असतं. ज्या चार-पाच घरांत हे ऑपरेशन झालेलं मी जवळून पाहिलं, त्यांतल्या एका घराचा अपवाद सोडला तर उत्तर एकच होतं. तीच थापते! पाचव्या दिवशी भाजी निवडायला बसते, आठव्या-दहाव्या दिवशी तव्यापुढे उभी राहते. घरच्यांना विचारलं तर म्हणतात, "डॉक्टरांनीच हिंडा-फिरा म्हणून सांगितलंय की! आम्ही काही हिला पाण्याची घागर उचलायला लावत नाही." बोलणं वरवर बरोबर वाटतं. हिंडायला-फिरायला सांगतात हे खरंच आहे. पण फोडणीच्या धुरात उभं राहणं म्हणजे हिंडणं-फिरणं नव्हे.

त्यांतली एक वहिनी मला हळूच म्हणाली होती, "ताई, मी भाकरी करायले अन् मला रडू यायलंय. भूक लागली म्हणावं तर पोट भरल्यावानी वाटायलंय. नाही लागली म्हणावं तर डोळ्यांपुढून भाकर हलंना. हे काय व्हायलंय मला?"

तिच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्या पोटात आहे आणि अर्धं आपल्या घरात. पोटातलं डॉक्टर समजावून सांगतात. घरातलं कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

आधी पोटातलं बघू. हे ऑपरेशन म्हणजे चरबी कापून काढणं नव्हे. आपल्याकडे अजून बऱ्याच जणींचा तसाच समज आहे. २०११ साली नितीन गडकरींनी मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा पेपरांतून त्याची पुष्कळ चर्चा झाली. पण मोठ्या लोकांच्या गोष्टी त्या, म्हणून आपण पान उलटलं. आता तसं राहिलं नाही. शुगरने, बीपीने, गुडघ्यांनी बेजार झालेल्या आपल्याच गल्लीतल्या बायका पुण्याला नाहीतर हैदराबादला जाऊन ते करून येतात. काही जणी तर माहेरीसुद्धा सांगत नाहीत, "पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं" म्हणून सांगतात. असो, लपवण्याचा विषय वेगळा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये दुर्बिणीतून जठराचा साधारण तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग काढून टाकतात. केळ्याएवढी नळी उरते. बायपासमध्ये जठराची छोटीशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हींत पोटाचा आकार इतका लहान होतो की सुरुवातीला चहाचा एक कप संपवायला अर्धा-पाऊण तास लागतो. गंमत म्हणजे, भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक आहे. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधून काढलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग काढला जातो. म्हणून ऑपरेशननंतर बऱ्याच जणींना भूक लागतच नाही.

मग लागते ती कुठली भूक?

एक तर, पातळ पदार्थ पोटात थांबत नाहीत. ताक, सूप, दूध आलं तसं पुढे सरकतं. त्यामुळे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत "आत्ता तर घेतलं आणि लगेच रितं वाटतंय" असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. मऊ अन्न सुरू झालं की हे बरंच कमी होतं. पण नेमक्या याच दिवसांत बायका घाबरतात. "एवढा खर्च केला आणि भूक तर तशीच आहे!" मग कुणी वरणात भाकरी कुस्करून बघते, कुणी शेंगदाण्याची चटणी चाखते. हे मात्र करायचं नाही. आतली शिवण अजून ओली असते. अन्न अडकून उलट्या होतात, त्या शिवणीवर ताण येतो. डॉक्टर पातळ, मग गाळीव, मग मऊ असा जो क्रम देतात (साधारण सहा-आठ आठवड्यांचा, प्रत्येकाचा थोडा वेगळा), तो पथ्याच्या हौसेपायी दिलेला नसतो.

दुसरी असते आम्लाची आग. पोटात कुरतडल्यासारखं होतं, खाल्लं की क्षणभर बरं वाटतं, म्हणून ती भूकच वाटते. आम्ल कमी करणारी गोळी याच साठी दिलेली असते. "एवढ्या गोळ्या कशाला" म्हणून घरात आधी तीच बंद केली जाते!

तिसरी भूक म्हणजे तहान. दिवसाला साधारण दीड लिटर पाणी पोटात जायला हवं आणि तेही घोट-घोट. गटागटा पिता येत नाही, जेवणासोबत पिता येत नाही, आधी-नंतर अर्धा तास सोडायचा. औषधाच्या बाटलीच्या झाकणाने दोन-तीन झाकणं, पुन्हा थोड्या वेळाने दोन-तीन. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा लातूरच्या बायकांनी तांब्या-तांब्याचा हिशोब ठेवला होता. पाणी मोजायला त्यांना शिकवायची गरज नाही. इथे फक्त हिशोब उलटा, कमी वापरल्याचा नव्हे, पुरेसं प्यायल्याचा ठेवायचा. संध्याकाळी बाटली उरली तर ती बचत समजायची नाही.

आणि ज्यांना शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी एक नीट ऐका. ऑपरेशननंतर खाणं इतकं कमी होतं की जुना डोस जास्त ठरू शकतो. अचानक जोराची भूक, दरदरून घाम, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी असं झालं तर ती भूक नाही, साखर उतरली आहे. लगेच तपासायची. अशा वेळी काय आणि किती घ्यायचं, हे दवाखान्यातून निघतानाच विचारून कागदावर लिहून घ्या.

एवढं सगळं वजा केल्यावर जी उरते ना, ती मनाची भूक. वहिनीच्या डोळ्यांपुढून भाकर हलत नव्हती ती हीच. ती काही खोटी नसते हो! चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्या वेळी, ज्या वासावर, ज्या माणसांसोबत आपण जेवलो, ते सगळं पोट कापल्याने कापलं जात नाही. रागात खाल्लेलं, एकटेपणात खाल्लेलं, दुपारी सगळे गेल्यावर डब्यातली शेव काढून खाल्लेलं... तो आधारच एका दिवसात काढून घेतला जातो. कुणी जवळचं गेल्यावर यावं तसं रडू येतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. चार-आठ दिवसांत ओसरलं नाही, झोप उडाली, कशातच मन लागेना, तर मात्र डॉक्टरांना सांगायचं. "खाण्यासाठी रडते" असं कुणी म्हणेल म्हणून गप्प राहायचं नाही.

आता घरातलं.

माझं स्पष्ट मत आहे की निदान पहिले तीन-चार आठवडे या बाईला स्वयंपाकातून पूर्ण सुट्टी मिळायला हवी. तिला ओझं उचलवत नाही म्हणून नाही. समोर कांदा परतला जात असताना, हाताला गरम भाकरीचा चटका बसत असताना, दोन चमचे ताकावर राहणं ही शिक्षा आहे म्हणून. त्यात मीठ-मसाला चाखून बघायची आपली सवय. भाजी चाखायची, वरण चाखायचं, लेकराने ताटात टाकलेला तुकडा उचलून तोंडात टाकायचा. निम्म्या वेळा आपल्याला कळतही नाही. तिच्या पोटात तेवढा तुकडासुद्धा अडकतो.

काही लाख रुपयांचं ऑपरेशन करायला घर तयार होतं. कर्ज काढतं, सोनं गहाण टाकतं. आणि महिनाभर पोळी-भाजीचा डबा लावायचं म्हटलं की "बाहेरचं आम्हाला चालत नाही" असं उत्तर येतं. आजकाल गल्लोगल्ली आपल्याच बचत गटांच्या बायका डबे देतात. घरात जाऊ आहे, सासू आहे, कॉलेजात जाणारा मुलगा आहे. मुलाला कुकर लावता येत नसेल तर यापेक्षा चांगला मुहूर्त कोणता?

सासूबाईंची बाजूही मला कळते. आपल्याकडच्या त्या पिढीने १९७२ चा दुष्काळ पाहिलाय. दुष्काळी कामावर खडी फोडलीय, मिलोच्या लाल भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढलेत. त्या माऊलीला घरात धान्य असताना सुनेने वाटीभर पाण्यावर राहणं बघवत नाही. "लेकरा, एवढ्यानं काय होतंय, घे की जराशीक" असं ती मायेनेच म्हणते. आग्रह आपल्याकडे प्रेमाचंच दुसरं नाव. पण या दिवसांत ते प्रेम पोटावर नको. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांकडे जाताना नवऱ्यासोबत सासूबाईंनाही घेऊन जा, असं मी प्रत्येकीला सांगते. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्या स्वतः पहारा देतात!

अडचण अशी की आपली सगळी रीत नेमकी उलटी आहे. बाईने शेवटी जेवायचं. उरलं-सुरलं संपवायचं. टाकायचं नाही. आणि आठवड्यातून एखादा उपवास आहेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या अहवालात आपल्या महाराष्ट्रात दर शंभर बायकांमागे तेवीसच्या आसपास जास्त वजनाच्या, वीसेक कमी वजनाच्या आणि निम्म्याहून जास्त रक्त कमी असलेल्या निघाल्या. वजन जास्त म्हणजे बाई नीट पोसली गेलीय, असं मुळीच नाही. शिळ्या भाताने, तेलकट रश्शाने आणि दिवसाच्या सहा चहांनीही वजन वाढतं, रक्त वाढत नाही.

ऑपरेशननंतर ही रीत चालूच शकत नाही. तिची वाटी आधी आणि वेळेवर. सगळ्यांचं झाल्यावर नाही. एका घासाला, एका घोटाला तिला वेळ लागतो. घाई केली की उलटी. "पाहुणे आलेत, जरा थांब" असं म्हटलं की तिचे तीन-चार घोट हुकतात आणि रात्रीपर्यंत ते भरून निघत नाहीत. ज्यांना भूकच लागत नाही त्यांना तर हे आणखी लागू आहे. त्या खूश असतात, "काही खावंसंच वाटंना ताई, वजन भराभर उतरायलंय." अशांनी घड्याळाकडे बघून घ्यायचं. आणि एकादशी, चतुर्थी, नवरात्र यांतला कुठलाच उपवास या दिवसांत धरायचा नाही. देव रागावत नाही. साबुदाण्याची पातळ खीर म्हणजे उपवासाचं पथ्य, असंही कुणी समजू नये. नुसती साखर आणि पिष्ट ते, तासाभरात पुन्हा रितं वाटतं. बायपास झालेल्यांना तर गोडाने छातीत धडधड, घाम, जुलाब असा त्रास होऊ शकतो. उसाचा रस आणि ग्लुकोजची पावडर घातलेलं पाणी यांचंही तेच.

मग वाटीत काय? तुरीच्या डाळीच्या बाजारपेठेशेजारी राहून सांगते, वरणाचं पाणी वाटीभर प्यायल्याने ताकद येते हा आपला लाडका गैरसमज आहे. डाळ खाली राहते, पाणी वर. प्रथिनं डाळीत असतात. पहिल्या काही दिवसांत गाळलेलं पाणीच चालतं ते ठीक, पण डॉक्टरांनी परवानगी दिली की मूग घोटून, गाळून त्याचं कढण, हुलग्याचं पातळ माडगं, साय काढलेलं दूध, ताक, पुढे मऊ पनीर, चालत असेल तर अंड्याचा पांढरा भाग. दिवसाला साधारण साठ ग्रॅम प्रथिनं लागतात आणि पावशेर दुधात फक्त आठ ग्रॅम मिळतात. हिशोब केला की कळतं, आहारतज्ज्ञ प्रोटीन पावडर का देतात ते. "पावडर नको, आपलं घरचं बरं" म्हणून डबा कपाटात ठेवू नका. प्रथिनं नीट गेली की भूकही जरा दमाने घेते. लोह, बी-१२, कॅल्शियम यांच्या गोळ्या तर पुढे कायम. त्या सोडल्या की वर्ष-दोन वर्षांनी बाई दमायला लागते आणि कारण सापडत नाही.

एक गोष्ट मला फार काळजीची वाटते. ऑपरेशन पुण्या-हैदराबादला होतं, आणि उलट्या सुरू झाल्या की आपण कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घेतो. चार-पाच दिवस काहीच पोटात टिकत नसेल तर शरीरातलं थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपत येतं. अशा वेळी थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. चालताना तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, पाय बधिर होणं, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणं दिसतात. म्हणून सलाईन लावण्याआधी सांगायचंच, "माझं वजनाचं ऑपरेशन झालंय, बी-१ दिलं का?" इथे पित्ताचे खडे म्हणून लपवालात तर जिवावर बेतेल. अंगदुखीच्या गोळ्याही दुकानातून मनाने घ्यायच्या नाहीत, त्यांतल्या काहींनी उरलेल्या पोटात जखम होते. आणि ताप, छातीची धडधड, पोटात किंवा डाव्या खांद्यात जोराची कळ, पाण्याचा घोटही न टिकणं, यांपैकी काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजता का होईना, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन लावायचा.

मनाची भूक येते तेव्हा काय करावं, हे मला सगळ्यात छान त्या बायकांनीच सांगितलं. एकीने फोडणीच्या वेळी देवळात जाऊन बसायचं ठरवलं. एक दात घासून येते, तोंडात पेस्टची चव असली की खावंसं वाटत नाही म्हणते. एक जण दहा मिनिटांचा गजर लावते. दहा मिनिटांनी भूक तशीच राहिली आणि साधं कढणसुद्धा चालेल असं वाटलं तर ती पोटाची. भजीच हवी असतील तर ती मनाची. ही परीक्षा मला फार आवडली.

परक्या घरी मात्र कसोटी लागते. आपल्याकडे येळवस म्हणजे काय, हे लातूर-नांदेडच्या बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला लातूर शहरात चिटपाखरू नसतं, सगळं गाव शेतात. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर... आणि ओळखी-अनोळखी प्रत्येकाला बांधावरून हाक, "या जेवायला!" वर ज्या अपवादाचं बोलले ते घर लातूरचंच. तिथल्या सुनेचा ऑपरेशननंतरचा तिसरा आठवडा आणि येळवस एकदमच आली. तिला घरी ठेवून जावं की न्यावं यावर दोन दिवस खल झाला. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "वर्षाचा सण हाय, लेकरू एकटं घरात बसून काय करंल?"

नेलं तिला. डॉक्टरांना फोन करून विचारलं, पातळ गाळलेली आंबील चालेल म्हणाले. ती थर्मासात वेगळी भरली. भज्जीचा खमंग वास सुटला की ती उठून ज्वारीच्या बांधाने फिरून यायची, आणि तिला एकटं वाटू नये म्हणून नणंद आपलं ताट झाकून ठेवून सोबत जायची. पूजा झाली, पंगत बसायची वेळ आली, तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "हिची वाटी झाली का?" झाली नव्हती. मग सगळी पंगत दहा मिनिटं थांबली.